आज दिवसभर

लातूर, १२ जानेवारी

हात मागे घेतला आणि आई खुर्चीवरून उठली. शिरेत सुई बसवलेली होती, वर चिकटपट्टी होती, आणि ती तशीच पायांनी चपला चाचपडायला लागली. स्कॅन सेंटरमधली राजकन्या नावाची नर्स शिशाच्या डब्यातलं औषध घेऊन आत येत होती. ती दारातच थांबली. आई तिला म्हणाली, "माय, हे दुसऱ्या कुणाला दे. मला न्हाई घ्यायचं."

श्रीनाथ, हे आज सकाळी झालं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर पत्र फ्रिजवर पडून राहील. कॉलेजच्या पत्त्यावर पाठवते आहे. शिपाई स्टाफरूममध्ये चारचौघांसमोर हातात देईल, मग उघडावं लागेल.

ते औषध हैदराबादहून पहाटे गाडीनं येतं. ज्याच्या त्याच्या नावाचं मोजून येतं, आणि वाटेतच कमी होत राहतं. आईच्या नावाचं दुपारपर्यंत डब्यात बसून निकामी झालं. दुसरी तारीख पुढच्या सोमवारची, एकोणीसची मिळाली आहे. डॉक्टर सुदर्शन भले माणूस आहेत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की दोन महिन्यांच्या केमोनं गाठी विझल्या की नाही हे या पेट स्कॅनवरच कळतं. विझल्या असतील तर तेच औषध, नसतील तर दुसरं, जास्त जहाल. बघितल्याशिवाय ते पुढची केमो चालू करणार नाहीत. आणि केमो फार दिवस थांबवता येत नाही. थांबवली तर गाठी थांबत नाहीत.

रिक्षात मी तिला विचारलं, हे काय केलंस.

"रथसप्तमी होऊ दे. लेकराचं बोरन्हाण होऊ दे. मग काढीन की फोटो."

"फोटोचा आणि बोरन्हाणाचा काय संबंध?"

"फोटो काढला की बाजूला बसावं लागतं. मग मला कोण खाली येऊ देईल?"

"किती दिवस बसावं लागतं?"

ती माझ्याकडे मला काहीच कळत नसल्यासारखी बघायला लागली. "मागल्या टायमाला बाळंतपण झालं तरी न्हाई येऊ दिलं. तुला ठावं न्हाई का?"

मला ठावं नव्हतं. मला तू सांगितलं होतंस की केमो चालू आहे, जंतुसंसर्ग नको, म्हणून आईला गच्चीवरच्या खोलीत ठेवलं आहे. मी डिसेंबरात आले तेव्हा जिन्याखाली चपला काढल्या, हात धुतले, तोंडाला रुमाल बांधला आणि मग वर गेले. तुझ्या सांगण्यावर माझा एवढा विश्वास होता. आज घरी येऊन कॅलेंडर काढलं. केमो नोव्हेंबरात सुरू झाली. आई वर गेली ती ऑक्टोबरात, नांदेडला पहिला स्कॅन झाला त्याच संध्याकाळी.

तेव्हा कसला जंतुसंसर्ग होता?

विशाखा


लातूर, १४ जानेवारी

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस. उद्या बोलेन.

काल रात्री आईला समोर बसवलं आणि पहिल्या स्कॅनच्या दिवशी काय काय झालं ते सगळं विचारलं. तिला सगळं आठवतं. ती आजारी आहे, खुळी नाही. स्कॅन झाल्यावर तिथल्या मुलानं तुम्हा दोघांना सांगितलं होतं, "आज दिवसभर गरोदर बाईपासून आणि लहान लेकरांपासून जरा लांब राहा, पाणी लई प्या." तिनं हे वाक्य मला तसंच म्हणून दाखवलं. तुझ्या मनस्विनीला सातवा महिना लागला होता. त्या दिवशी आईनं आपण होऊन वर जाणं बरोबर होतं. मीही तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं नेसली आणि जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आली. हॉलमध्ये तुझ्या सासूबाई होत्या, त्यांची लेक मनस्विनी होती. तू बूट घालत होतास. आईनं विचारलं, "श्रीनाथ, आता येऊ का खाली?"

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "होऊन जाऊ द्या ना बाळंतपण. उगं कशाला."

आणि तू लेस बांधता बांधता म्हणालास, "राहू दे आई. थोडे दिवस वरच बरं."

मग कॉलेजला गेलास.

त्या दिवशी तू वर्गात काय शिकवलंस ते मला माहीत नाही. पण दर वर्षी बारावीच्या पोरांना तू हाफ लाइफ शिकवतोस हे मला माहीत आहे. तुझ्या वर्गातली मुलं रस्त्यात भेटली की सांगतात, सर तो धडा लई छान शिकवतात, भाकरीची गोष्ट सांगून. अर्धी भाकरी, मग अर्ध्याची अर्धी, मग त्याचीही अर्धी. मी मराठी शिकवते, मला त्यातलं काही कळत नाही. म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ते औषध म्हणजे साखरच, तिला किरण टाकणारा एक कण जोडलेला असतो. दोन तासांच्या आतच तो निम्मा होतो. दुसऱ्या सकाळी अंगात सांगण्याजोगं काही उरत नाही. "शिळी भाकर सुद्धा उरत नाही," असं म्हणाले. मला तुझी आठवण झाली.

तुला हे पायरीवर उभ्या असलेल्या बाईला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तुझ्या सासूबाई उमरीच्या बाहेर फारशा गेलेल्या नाहीत, त्यांना माहीत नसेल. मनस्विनी पोटातल्या जिवाला भ्याली असेल. तुला माहीत होतं. घरात एकट्या तुलाच माहीत होतं.

त्यानंतर तीन महिने माझी आई टाकीशेजारच्या खोलीत राहिली. केमो घेऊन आली की जिना चढायची. उलट्या झाल्या की आपली आपण पुसायची. केस गेले ते तिनं एकटीनं गोळा करून पुडीत बांधले. तिचं लुगडं वेगळ्या दोरीवर. तिचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर. त्या ताटाच्या काठाला खिळ्यानं केलेली फुली आहे. म्हणजे चुकून खालच्या ताटांत मिसळू नये.

ती फुली मी बारशाच्या दिवशी पाहिली. खाली पाळणा म्हणणं चाललं होतं. मी आईला शोधत वर गेले. ती नवं लुगडं नेसून, डोक्याला रुमाल बांधून चटईवर बसली होती.

मी म्हणाले, "इथं काय करतेस?"

"पाळणा ऐकून राहिले," ती म्हणाली. मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "काय नाव ठेवलं गं?"

वैष्णवी, म्हणून मी सांगितलं. तिच्या नातीचं नाव तिला मी सांगितलं.

त्या संध्याकाळी आईला लातूरला घेऊन निघताना मी गेटपाशी जे बोलले ते पाहुण्यांनी ऐकलं, त्याचा तुला राग आहे असं कळतं. पाहुण्यांनी ऐकावं म्हणूनच मी गेटपाशी बोलले. तेव्हा मला वाटत होतं की तू निष्काळजी आहेस. आता कळलं आहे की तू खोटा आहेस. त्यामुळे तेव्हा बोलले ते कमी पडलं.

विशाखा


लातूर, १६ जानेवारी

तुझं उत्तर आलं नाही. मनस्विनीचं आलं, मोबाईलवर. तुला लिहिलेलं पत्र तिनं घरच्या टेबलावरून उचलून वाचलं म्हणते. तिनं लिहिलेलं जसंच्या तसं इथं उतरवते, कारण तिनं ते तुला दाखवलं असेल असं वाटत नाही.

"ताई, पत्र वाचलं. मी आईंना वर जा असं कधी म्हणाले नाही. मी खाली या असं म्हणाले नाही, एवढंच. लग्नानंतर पाच वर्षं दर महिन्याला चार दिवस मी त्याच खोलीत बसले आहे. एम.एस्सी.च्या परीक्षेचा अभ्यास मी तिथंच टाकीला टेकून केला. पाऊस आला की पाणी आत यायचं. माझं ताट वरच्या पायरीवर असायचं. त्या ताटावरची फुली तुमच्या आईंनी केली आहे, माझ्यासाठी. तेच ताट आहे ते. दिवाळीला तुम्ही यायचात. मनस्विनी दिसत नाही, कुठं आहे, असं तुम्ही एकदाही विचारलं नाही. तुम्हाला माहीत असणार म्हणून विचारलं नसेल. तुमचीही तीच खोली ना?"

हो, माझीही तीच खोली.

मी आईला विचारलं, ताटाचं खरं का.

ती शेंगा सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "हाव. मीच केली खूण. माझ्या सासूनं माझ्या ताटाला केली होती, तिकडं लोह्याच्या घरी."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"तवा न्हाई वाटलं. आता वर बसल्यावर वाटलं." शेंगा सोलणं तसंच चालू. "म्हणून तर काही बोलले न्हाई तिला. कोणत्या तोंडानं म्हणू, मला खाली घे म्हणून? तिनं पाच वर्सं काढली. मी तीन म्हैने."

"तिचा राग आला नाही?"

"तिचा कशाला येईल? ताट तर वेळेवर यायचं. भाजीत मीठ बरोबर असायचं."

श्रीनाथ, मनस्विनी खरं बोलते आहे. तिच्यावरचा माझा राग त्यानं गेला असं नाही. आईवरही आता राग आहे, आणि आजारी माणसावर राग धरणं फार जड जातं. पण रात्रभर मी दुसराच हिशोब मांडत होते. माझ्या वेळी ताट वर आणून ठेवायचं काम तुझं होतं. तू शाळेत होतास. मनस्विनीच्या वेळी ताट कोण आणायचं? आईला विचारलं. म्हणाली, श्रीनाथ. आणि आईच्या वेळी? म्हणाली, श्रीनाथच की, कॉलेजला जायच्या आधी.

आधी बहिणीचं, मग बायकोचं, मग आईचं. त्या खोलीतल्या बाया बदलत गेल्या. ताट ठेवून, मागे न बघता जिना उतरणारा तूच आहेस. तुला कुणी बस म्हणालं नाही, तू कुणाला बस म्हणाला नाहीस. आम्ही तिघी एकमेकींवर चिडायला मोकळ्या. तू शांत. सगळ्या नांदेडात तुझं नाव शांत माणूस म्हणून आहे.

आता कामाचं. सोमवारी सकाळी नऊला आईला पुन्हा बोलावलं आहे. ती यायला तयार नाही. मी समजावलं. डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवून समजावलं. म्हणाले, "आजी, आज स्कॅन झाला की उद्या सकाळी हव्या त्या लेकराला मांडीवर घ्या. माझ्या शब्दावर."

आई म्हणाली, "तुमचा शब्द खराच असणार हो डॉक्टरसाहेब. पण घर तुमचं न्हाई."

तिला तुझा शब्द पाहिजे. माझा चालत नाही, डॉक्टरांचा चालत नाही. ज्यानं वरच बरं म्हटलं त्यानंच खाली ये म्हणायला पाहिजे. तू सोमवारी ये. सकाळी येता येत नसेल तर संध्याकाळी ये. तिच्यासमोर उभा राहा आणि वर्गात सांगतोस ते तिला सांग. भाकरीची गोष्ट सांग. तिला भाकरी कळते.

हे पत्र कुरियरनं पाठवते, उद्या मिळेल. मिळालं नाही असं म्हणू नकोस, पावती ठेवली आहे.

विशाखा


लातूर, १९ जानेवारी, रात्र

स्कॅन झाला.

काल दुपारी तू तिला फोन केलास तो माझ्यासमोरच. ती फोन कानाला दोन्ही हातांनी धरते. "कर आई, मी उद्या येतो," एवढंच तू म्हणालास. ती लगेच उठली आणि उद्याचं लुगडं काढून ठेवलं.

आज पहाटे तिनं पाणी सोडून काही घेतलं नाही. साखर तपासली, बरोबर आली. राजकन्यानं तिला ओळखलं. "आजी, आज पळायचं नाही हं. तुमच्यासाठी गाडी रात्रभर पळत आली."

"न्हाई पळत. माझा लेक येऊन राहिला नांदेडहून," आई म्हणाली. मग सुई टोचताना तिला म्हणाली, "नाव राजकन्या, आणि काम लोकांना सुया टोचायचं."

"काय करता आजी, राजानं नोकरीला लावलं."

औषध दिल्यावर तासभर एका खोलीत एकटं पडून राहायचं असतं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, हातपाय हलवायचे नाहीत. जो अवयव काम करतो तो ती साखर ओढून घेतो आणि फोटोत उगाच चमकतो. थंडी वाजली तरी चमकतं, म्हणून दोन पांघरुणं घातली. दार लावताना राजकन्या म्हणाली, "आजी, जप पण नको. ओठ हलतात."

आई म्हणाली, "नको तर नको. एकटं बसायची सवय हाय मला."

राजकन्या हसली. तिला ती थट्टा वाटली.

मी बाहेर बाकड्यावर बसले. रस्त्यावर नांदेडची गाडी दिसली की मीसुद्धा मान वर करत होते, हे तुला सांगायला मला लाज वाटते. मशीनमधून बाहेर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "आला का?"

"येईल संध्याकाळी," मी म्हणाले.

तिथून घरी आलो. माझ्या घरात लहान मूल नाही, कुणी गरोदर नाही. मी एकटी आहे, माझं वय चोपन्न आहे. तरी ती आत आली नाही. ओट्यावर आपली चटई टाकली आणि बसली. मी ताट आणलं तर म्हणाली, "तिथंच ठेव. मी घेते."

मी ठेवलं नाही. तिच्याशेजारी चटईवर बसले आणि त्याच ताटात जेवले. तिला आवडलं नाही. एक घास माझ्याकडे पाठ करून खाल्ला. मग म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच हायेस," आणि दुसरा घास खाल्ला.

ओट्यावरून रस्ता दिसतो. अंधार पडेपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती. मी तुला फोन लावला. वाजत राहिला. नंतर तुझा निरोप आला, प्रॅक्टिकल परीक्षेचे बाहेरचे परीक्षक आले आहेत, निघता येत नाही. मी तो निरोप तिला वाचून दाखवला. खोटं का सांगू? ती म्हणाली, "परीक्षा असती या दिवसांत." तुझी बाजू घेतली. मग, मला नव्हे, समोरच्या रस्त्याला म्हणाली, "त्याला तवा ठावं होतं का गं? दुसऱ्या दिवशी काही उरत न्हाई म्हणून?"

मी काय सांगणार होते? तुझं बारावीचं पुस्तक मी मुद्दाम मागवून घेतलं आहे, तो धडा खूण घालून ठेवला आहे. मी म्हणाले, "हो. ठावं होतं."

तिनं मान हलवली. रडली नाही. चटई गुंडाळून उठली, आत आली आणि माझ्या पलंगावर माझ्याच पांघरुणात झोपली. तिनं पुन्हा तुझं नाव घेतलं नाही. इतके दिवस मी तिच्या वाटणीचं रागावत होते. आज ते काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं असं वाटतं.

हे उद्या टाकेन.

विशाखा


२० जानेवारी, सकाळ

साडेनऊला दारात गाडी थांबली. मनस्विनीच्या भावाची, उमरीची. मनस्विनी उतरली. छातीशी वैष्णवी, हातात पिशवी. तुला आजही कॉलेज आहे म्हणाली, परीक्षा आहेत. माझी पत्रं तिनं सगळी वाचली आहेत.

आईनं पहाटेच डोक्यावरून आंघोळ केली होती. डोक्यावर केस नाहीत तरी.

ती दाराशी आली आणि उंबऱ्याच्या आत थांबली. मनस्विनीला म्हणाली, "माझी आंघोळ झालीया. घेऊ का?"

मनस्विनीनं लेकीचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "घ्या ना. मान सांभाळा, अजून धरत नाही ती."

आईनं घेतलं. मनस्विनी आत गेली आणि पिशवीतून बोरं, चुरमुरे आणि हरभरे परातीत ओतले. मोठी बोरं वेगळी काढली, लेकराला लागतील म्हणून. दोघींपैकी कुणी कुणाची माफी मागितली नाही. ताटाचा विषय निघाला नाही.

रिपोर्ट बारा वाजता मिळणार आहे. मी जाऊन आणेन. हे पत्र मनस्विनीजवळ देते आहे.